अंगणातला ओक, स्पंजी मॉथ आणि बीटीची बाटली: न्यू जर्सीत नव्याने घर घेतलेल्यांसाठी

आम्ही घर घेतलं ते सप्टेंबरमध्ये. मागच्या अंगणात पाच ओक, त्यातले दोन तर साठेक फूट उंच. ती झाडं बघूनच घर आवडलं होतं. दिवाळीत आकाशकंदील टांगायला खालची फांदी धरली, तेव्हा खोडावर फिकट पिवळसर, मखमली ठिगळं दिसली. कुणी चिखल फेकून मारावा तशी. शेवाळ असेल म्हणून सोडून दिलं.

पुढच्या जूनमध्ये एका दुपारी स्वच्छ ऊन होतं आणि डेकवर पाऊस पडल्याचा आवाज येत होता. ती सुरवंटांची लेंडी होती. जुलै लागायच्या आत पाचही ओक खराट्यासारखे उभे.

त्यानंतरच्या दोन वर्षांत बऱ्याच चुका करून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मॉरिस, ससेक्स, पॅसेइक या काउंट्यांमध्ये, किंवा पलीकडे पेन्सिल्वेनियात ज्यांनी नुकतंच झाडीतलं घर घेतलंय त्यांच्यासाठी मुख्यतः. तारखा उत्तर न्यू जर्सीच्या आहेत. तुम्ही दक्षिणेला असाल तर आठवडाभर आधी धरा, न्यू इंग्लंडमध्ये असाल तर नंतर.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. हा पतंग, म्हणजे स्पंजी मॉथ, मूळचा अमेरिकेतला नाही. १८६०च्या दशकाच्या शेवटी एत्येन त्रूव्हेलो नावाच्या गृहस्थाने मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला तो युरोपातून आणला. त्याला रेशमासाठी प्रयोग करायचे होते. काही अळ्या घराबाहेर निसटल्या, वीस वर्षांत मेडफर्डची झाडं उघडी पडली, आणि तेव्हापासून ही कीड पसरतेच आहे. १९८१ साली ईशान्य अमेरिकेत तिने सुमारे १ कोटी २९ लाख एकरांवरची पानं खाल्ली. २०२२ पर्यंत तिचं नाव ‘जिप्सी मॉथ’ होतं. ते रोमा लोकांना अपमानकारक म्हणून बदललं. पण जुन्या बाटल्यांवर आणि सरकारी कागदांवर अजून तेच नाव सापडतं, गोंधळू नका.

आणि हत्यार कोणतं? बॅसिलस थुरिन्जिएन्सिस कुर्स्टाकी, थोडक्यात बीटीके. मातीत सापडणारा जिवाणू. वर्ध्याला बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “बीटी तं कापसाच्या बियात असते न बाई, तू झाडावर काय मारून राह्यली?” प्रश्न अगदी बरोबर होता. बीटी कापसात ज्या प्रथिनाचं जनुक घातलंय ते याच जिवाणूच्या घराण्यातलं. कापसात प्रथिन झाड स्वतः बनवतं, इथे आपण जिवाणूचे बीजाणू आणि त्या प्रथिनाचे स्फटिक पानांवर फवारतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतात, आतड्याच्या अस्तराला भोकं पडतात, काही तासांत खाणं थांबतं आणि काही दिवसांत अळी मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि ते प्रथिन जिथे चिकटतं त्या जागाही नसतात.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘आतड्यात’. अळीने फवारलेलं पान खाल्लंच पाहिजे. तिच्या अंगावर कितीही मारा, काही होत नाही. खालच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून आल्या आहेत.

१. आधी ओळख पटवा

वसंतात झाडावर अळ्या दिसल्या की ‘स्पंजी मॉथ आला’ असं ठरवू नका. तीन वेगळ्या किडींना लोक एकाच नावाने हाक मारतात.

फांद्यांच्या बेचक्यात पांढरं जाळं, तेही एप्रिलमध्ये आणि बहुधा रानचेरी किंवा सफरचंदावर, तर ती ईस्टर्न टेंट कॅटरपिलर. फांद्यांच्या टोकांना जाळी, उन्हाळा उतरताना, तर ती फॉल वेबवर्म. दोन्ही इथल्याच, आणि झाडाला सहसा मारत नाहीत. स्पंजी मॉथचा सुरवंट जाळं विणतच नाही. लहानपणी तो काळा आणि केसाळ असतो. मोठा झाला की पाठीवर निळ्या ठिपक्यांच्या पाच जोड्या आणि त्यामागे लाल ठिपक्यांच्या सहा जोड्या येतात. एकदा पाहिला की विसरत नाही.

सुरवंट हाताने उचलू नका. आपल्याकडच्या शेवग्यावरच्या सुरवंटांसारखीच खाज सुटते, पुरळ उठतं. माझ्या मुलीच्या दोन्ही मनगटांवर आठवडाभर होतं.

झाडंही ओळखा. ओक याचं आवडतं जेवण. बर्च, अ‍ॅस्पेन, विलो, सफरचंद हेही चालतात. अ‍ॅश, ट्यूलिप पॉप्लर, डॉगवुड, काळा अक्रोड यांना तो सहसा तोंड लावत नाही. तुमच्या अंगणात नुसते ट्यूलिप पॉप्लर असतील तर हा लेख इथेच बंद करून चहा घ्या.

२. थंडीत अंडीपुंज मोजा

हे काम ऑक्टोबर ते मार्चमध्ये कधीही करा. पानं गळून गेल्यावर सोपं जातं. मादी जुलै-ऑगस्टमध्ये एका पुंजक्यात शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते आणि अंगावरच्या केसांनी ती झाकते. तीच ती मखमली ठिगळं. इथली मादी उडू शकत नाही, त्यामुळे कोषातून जिथे निघाली तिथेच जवळपास अंडी घालते: खोडावर, फांद्यांच्या खालच्या अंगाला, दगडाच्या भिंतीत, पिकनिक टेबलाखाली, बार्बेक्यूच्या झाकणात. आमच्याकडे सत्तावीस पुंज तर मुलांच्या झोपाळ्याच्या चौकटीखाली होते.

मोजण्याची पद्धत अशी. एका झाडाखाली खुंटी ठोका, तिला १८.६ फुटांची दोरी बांधा आणि गोल फिरा. हे वर्तुळ एकराचा चाळीसावा भाग होतं. त्यातल्या सगळ्या झाडांवरचे, दगडांवरचे, कुंपणावरचे नवे पुंज मोजा आणि ४० ने गुणा. तेरा सापडले तर एकरी ५२०. उंच फांद्यांसाठी दुर्बीण लागते, ती शेजाऱ्याकडून मागून आणा. इथे पक्षी बघणारा एक तरी शेजारी असतोच.

फसगत इथे होते: जुने पुंजही खोडाला चिकटून राहतात. जुना पुंज फिका पडलेला असतो, त्यात बारीक भोकं दिसतात आणि दाबला की स्पंजासारखा बसतो. नवा हाताला घट्ट लागतो. मी पहिल्या वर्षी सगळे मोजले आणि आकडा दुप्पट आला.

पुंजांचा आकारही बघा. दीड इंचाच्या आसपास किंवा मोठे असतील तर कीड वाढते आहे. नाण्याएवढे लहान असतील तर तिची उतरती कळा सुरू झाली असण्याची शक्यता आहे, आणि कदाचित तुम्हाला फवारावंच लागणार नाही.

हातात येणारे पुंज खरवडून टाका. जुनी सुरी किंवा पोटीन लावायची पट्टी घ्या, खाली डबा धरा आणि साबणाच्या पाण्यात दोन दिवस भिजत ठेवा. जमिनीवर पाडले तर अंडी तिथेच थंडी काढतात, बर्फ त्यांना पांघरुणासारखं होतं.

३. टाउनशिपला विचारा, आणि लवकर विचारा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न्यू जर्सीचं कृषी खातं विनंती आलेल्या गावांत ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत अंडीपुंजांची पाहणी करतं. निवासी किंवा मनोरंजनाच्या वापरातलं जंगल किमान ५० एकरांचं असेल आणि एकरी सरासरी ५०० हून अधिक पुंज निघाले, तर तो भाग विमानातून बीटीके फवारणीसाठी पात्र ठरतो. त्यात सामील व्हायचं की नाही हे गाव ठरवतं, सक्ती नसते.

म्हणजे तुम्ही मे महिन्यात सुरवंट बघून फोन केलात तर गाडी केव्हाच गेलेली असते. आम्ही ती चूक केली. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरातच टाउनशिपच्या कार्यालयात वर्तुळांचे आकडे, फोटो आणि रस्त्यावरच्या अकरा घरांच्या सह्या नेऊन दिल्या. सह्या गोळा करताना लक्षात आलं की निम्म्या लोकांना ही कीड आपल्या झाडांवर आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि तोवर फक्त हात हलवून जाणाऱ्या शेजाऱ्यांची नावंही तेव्हाच कळली.

तुमचा भाग पात्र ठरला नाही तर हे काम तुमच्याकडे येतं.

४. हाताशी काय काय लागेल

कागद:
– घर घेताना मिळालेला जागेचा सर्व्हे नकाशा. कोणता ओक तुमचा आणि कोणता शेजाऱ्याचा, हद्दीत ओढा किंवा पाणथळ आहे का, हे त्यावर दिसतं.
– टाउनहाउस असेल तर एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संघटनेची, लेखी परवानगी. सामाईक जागेतल्या झाडांवर तुम्ही परस्पर फवारू शकत नाही.
– औषधाचं पूर्ण लेबल. बाटलीला चिकटवलेली घडी उलगडून वाचा. अमेरिकेत लेबल हा कायदा आहे, त्याबाहेर वापर केला तर तो गुन्हा.
– माणूस लावणार असाल तर त्याच्या राज्य परवान्याचा क्रमांक, आणि बिलावर औषधाचं नाव व ईपीए (केंद्रीय पर्यावरण संस्था) नोंदणी क्रमांक.

वस्तू: बागेच्या पाइपाला लावायचा किंवा पंप मारायचा फवारा, लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, गॉगल, धूळ अडवणारा मास्क, गोणपाट, सुतळी, बादली, भांडी घासायचा द्रवसाबण, आणि हवामानाचं अ‍ॅप. ते तुम्ही दिवसातून वीस वेळा उघडणार आहात.

५. बाटली घेताना ‘बीटी’ एवढंच वाचून थांबू नका

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक ही. दुकानात फलकावर ‘बीटी’ दिसलं, घेऊन आले. घरी नवऱ्याने चष्मा लावून वाचलं: इस्रायलेन्सिस. ती डासांच्या अळ्यांसाठी असते, साचलेल्या पाण्यात टाकायची. ओकवर तिचा काडीचा उपयोग नाही. गॅलेरिए नावाचा आणखी एक प्रकार मिळतो, तो भुंगेऱ्यांसाठी.

तुम्हाला हवा तो शब्द ‘कुर्स्टाकी’. लेबलवरच्या किडींच्या यादीत स्पंजी मॉथ किंवा जिप्सी मॉथ असलं पाहिजे, आणि सावलीच्या किंवा शोभेच्या झाडांवर वापरायची परवानगी असली पाहिजे.

तारीख बघा. जिवाणूचं औषध गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं टिकत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या शेडमध्ये किंवा थंडीत गोठणाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली बाटली पुढच्या मेमध्ये भरवशाची राहत नाही. एका मोसमापुरतीच घ्या, ‘सेलमध्ये होती’ म्हणून तीन नको.

६. दिवस गाठा

सगळा खेळ इथे आहे. बाकी थोडं चुकलं तरी निभावतं, हे चुकलं तर पैसे पाण्यात.

अंडी एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत फुटतात, ओकच्या कळ्या उघडतात त्याच सुमाराला. सगळी एकदम फुटत नाहीत, दोन-तीन आठवडे चालतं. इवले काळे सुरवंट दिवसभर पुंजावरच बसून राहतात, मग वर चढतात, धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात. म्हणून तुम्ही आपले सगळे पुंज खरवडले तरी शेजारच्या जंगलातून पाहुणे येणारच.

फवारणीसाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पानं निदान तृतीयांश ते अर्धी उलगडलेली हवीत, नाहीतर औषध बसायला जागाच नाही. आणि सुरवंट पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेतला, म्हणजे साधारण अर्ध्या इंचापर्यंतचा हवा. पाऊण इंचाला अजून आशा असते. दोन इंचांचा झाला की बीटीके पचवून बसतो. आमच्याकडे ही खिडकी बहुधा मेच्या दुसऱ्या आठवड्यात उघडते आणि दहा-बारा दिवसांत बंद होते.

मी काय करते सांगते. खरवडताना एक पुंज मुद्दाम नजरेच्या उंचीवर ठेवते, पंधरा एप्रिलपासून रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्याला भेटायला जाते. त्यावर काळी वळवळ दिसली की दिवस मोजायला लागते. सात ते दहा दिवसांनी, पानांचा आकार बघून, पहिली फवारणी. त्यानंतर पुन्हा सात ते दहा दिवसांनी दुसरी, उशिरा फुटलेल्यांसाठी. दुसरी टाळू नका. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी बीटीके काही दिवसांतच निकामी होतं. पहिल्या फवारणीनंतर उमललेल्या नव्या पानावर तर ते असतंच कुठे?

जूनमध्ये फवारणी विकायला येणाऱ्यांपासून सावध राहा. आमच्या दारात एक जण आला, ‘सेंद्रिय’ औषध मारतो म्हणाला. नाव आणि नोंदणी क्रमांक मागितला तर ते साधं पायरेथ्रॉइड निघालं, मधमाश्यांसकट सगळ्यांना मारणारं रासायनिक कीटकनाशक. त्याच्या पत्रकावर पानाचं हिरवं चित्र मात्र होतं.

७. प्रत्यक्ष फवारणी

ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा, उन्हामुळे औषध लवकर मरतं. पुढचे चोवीस तास पाऊस नको. वारा ताशी दहा मैलांच्या आत हवा. फार गारठ्याचा दिवसही नको, सुरवंट थंडीत खात नाहीत आणि न खाणाऱ्या अळीवर बीटीके मारणं म्हणजे उपाशी राहिलेल्या पाहुण्यासाठी पुरणपोळी करून फ्रिजमध्ये ठेवणं.

मात्रा लेबलवरून घ्या, मी इथे मुद्दाम आकडा लिहीत नाही, कारण प्रत्येक उत्पादनाचा वेगळा असतो. पाणी फार अल्कधर्मी नको. विहिरीचं पाणी असेल तर बागेच्या दुकानातली पीएचची पट्टी बुडवून बघा, आठाच्या वर असेल तर साधं नळाचं आणा. लेबलने परवानगी दिली असेल तर चिकटवणारं द्रव्य मिसळा, पावसात थोडं जास्त टिकतं. मिश्रण तळाशी बसतं, अधूनमधून हलवत राहा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

पानांच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. बागेच्या पाइपाने वीस-पंचवीस फुटांपलीकडे नीट जात नाही, शिडीवर चढून हट्ट करू नका. आमच्या दोन उंच ओकांसाठी परवानाधारक आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची निगा राखणारा व्यावसायिक, बोलवावा लागला. त्याची तारीख फेब्रुवारीतच घ्या. मेमध्ये ते फोन उचलत नाहीत.

स्वतःचीही काळजी घ्या. बीटीके माणसासाठी सौम्य आहे, पण फवाऱ्याचे थेंब डोळ्यांत गेले तर चुरचुरतं आणि नाकात गेले तर खोकला येतो. घरात कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असेल तर त्यांनी हे काम करू नये. फवारा सुकेपर्यंत मुलं आणि कुत्रा घरात.

आता शेपू. हसू नका. बीटीके फक्त अळ्यांना मारतं, पण कोणत्या अळ्या ते त्याला कळत नाही, फुलपाखरांच्या अळ्याही त्यात येतात. न्यू जर्सीचं राज्य फुलपाखरू ब्लॅक स्वॉलोटेल, आणि त्याच्या अळ्या वाढतात शेपू, बडीशेप, पार्सली, गाजराच्या पाल्यावर. म्हणजे आपल्या मराठी वाफ्यावरच. मोनार्कच्या अळ्या मिल्कवीडवर. फवारणीआधी मी शेपूच्या वाफ्यावर जुनी चादर टाकते आणि वाऱ्याच्या दिशेला मिल्कवीड असेल तर त्या बाजूचा ओक सोडून देते. खाल्ल्यावरच काम करणारं औषध असल्यामुळे पानं न खाणाऱ्या मधमाश्यांना मात्र त्याचा तसा त्रास नाही.

८. गोणपाट बांधा

मेच्या अखेरीला मोठे झालेले सुरवंट वागणूक बदलतात. रात्री वर जाऊन खातात, पहाटे खाली उतरून सावलीत लपतात. इथे आपलं गोणपाट कामाला येतं. दीड फूट रुंद पट्टा छातीच्या उंचीवर खोडाभोवती गुंडाळायचा, मधोमध सुतळीने बांधायचा आणि वरचा अर्धा भाग खाली दुमडायचा. परकराच्या नाडीसारखं, म्हणजे कळेल.

रोज दुपारी घडी उचलून आत लपलेले सुरवंट हातमोज्याने किंवा चिमट्याने साबणाच्या बादलीत टाका. रोज म्हणजे रोज. दोन दिवस विसरलात तर तुम्ही त्यांना भाड्याशिवाय घर दिलंत. मुलांना प्रतिसुरवंट एक सेंट कबूल करू नका, आमचे तीस डॉलर गेले.

चिकट पट्टा थेट सालीवर लावू नका, साल खराब होते आणि त्यात पक्षी, खारी अडकतात.

९. मेलेले सुरवंट वाचायला शिका

या भागासाठी मला हा लेख लिहायचा होता. जूनमध्ये खोडावर मेलेले सुरवंट लटकताना दिसतात आणि लोक लगेच म्हणतात, फवारणी लागू पडली. बऱ्याचदा ते काम दुसऱ्याच कुणाचं असतं.

सुरवंट डोकं खाली करून सरळ, ताठ, सुकलेला लटकतोय? ती एंटोमोफागा मायमायगा नावाची बुरशी. ती मूळची जपानची. १९१०-११ मध्ये बॉस्टनजवळ सोडून पाहिली होती, तेव्हा काहीच झालं नाही असं वाटलं. १९८९ मध्ये अचानक ती ईशान्येकडच्या जंगलांत साथीसारखी पसरलेली सापडली. तिचे सुप्त बीजाणू झाडाच्या बुंध्याशी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि ओल्या मे-जूनमध्ये जागे होतात. म्हणूनच पाऊस बरा झाला की कीड कोसळते. २०१४ ते २०१६ चे वसंत कोरडे गेले आणि दक्षिण न्यू इंग्लंडमध्ये सुरवंटांनी उच्छाद मांडला.

सुरवंट मधल्या पायांवर, उलट्या इंग्रजी व्हीसारखा लटकतोय, अंग पिलपिलीत आणि घाण वास? तो विषाणू, एनपीव्ही. गर्दी वाढली की तो पसरतो. हाच विषाणू वापरून अमेरिकेच्या वनसेवेने जिपचेक नावाचं औषध बनवलं. ते दुसऱ्या कुठल्याच अळीला लागत नाही, त्यामुळे जिथे दुर्मीळ फुलपाखरं आहेत तिथे सरकार ते वापरतं. दुकानात मिळत नाही, शोधत बसू नका.

असे मेलेले सुरवंट गोणपाटात सापडले तर ते तिथेच राहू द्या. त्यांच्यातून रोग पुढच्यांना लागतो, फुकटची फवारणी. आणि झाडावर असे मेलेले खूप दिसले तर पुढच्या हिवाळ्यात आधी पुंज मोजा. तिसऱ्या वर्षी आम्हाला एकरी ऐंशी सापडले. बाटली घेतलीच नाही.

१०. पानं गेलेलं झाड लगेच तोडू नका

निरोगी ओक जुलैमध्ये पुन्हा पानं काढतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे एक जण कुऱ्हाड-करवत घेऊन तयारच होता. पण लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊणपेक्षा जास्त पानं गेली तर झाड थकतं, मग खोडकिडे आणि मुळांची बुरशी त्याला संपवतात. सूचिपर्णी झाडांचं वेगळं आहे, हेमलॉक एकदाच पूर्ण उघडा पडला तरी मरू शकतो. म्हणून फवारणीचं बजेट कमी असेल तर मागच्या वर्षी पानं गेलेला ओक आधी, बाकीचे नंतर. कोरड्या उन्हाळ्यात त्याला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. खोडाजवळ मातीचा ढीग, गवत कापायच्या यंत्राच्या जखमा, हे टाळा.

११. लँटर्नफ्लाय आणि महारुखाचा भाऊबंद

हे विचारणारे खूप असतात म्हणून थोडक्यात. ठिपक्यांची, लाल पंखांची लँटर्नफ्लाय ही कीड २०१४ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडली आणि आता आपल्या सगळ्यांच्या डेकवर आहे. तिच्यावर बीटीके चालत नाही. ती पान खात नाही, सोंड खुपसून रस पिते, मग पानावरचं औषध तिच्या पोटात जाणार कसं? तिच्यासाठी ब्यूव्हेरिया बॅसियाना ही बुरशी आहे, जी अंगाला लागली की कातडीतून आत शिरते. २०१८ च्या शरद ऋतूत बर्क्स काउंटीतच ही आणि बॅट्कोआ मेजर अशा दोन इथल्या बुरश्यांनी लँटर्नफ्लायचे थवे आपोआप मारलेले आढळले. ब्यूव्हेरिया मात्र बीटीकेएवढी निवडक नाही. फुललेल्या झाडावर, मधमाश्या असताना मारू नका.

तिचं लाडकं झाड ट्री ऑफ हेवन. आपल्या विदर्भातल्या महारुखाचा हा चिनी भाऊबंद, पानं बघून मला पहिल्यांदा घरचीच आठवण आली होती. पान चुरडलं की खवट शेंगदाण्याच्या लोण्यासारखा वास येतो. याला नुसतं तोडू नका, मुळांतून पंचवीस धुमारे येतात. पेन्सिल्वेनियाच्या जंगलात व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीने याची झाडं वाळवलेली दिसली आणि वनशास्त्रज्ञ तिच्यावर काम करत आले आहेत, पण ते घरच्या अंगणातलं काम नव्हे. घरमालकाने जुलै ते पानं रंगायच्या आत, खोडाला खाचा पाडून, लेबलनुसार तणनाशक घालायचं, आणि महिनाभराने झाड तोडायचं.

१२. घर बदलताना

आपल्यापैकी अर्ध्या लोकांची नोकरी दर चार वर्षांनी राज्य बदलते, म्हणून हे शेवटी. अख्खं न्यू जर्सी स्पंजी मॉथच्या क्वारंटाइनमध्ये येतं. इथून टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा कीड नसलेल्या राज्यात सामान नेणार असाल तर बाहेर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची तपासणी केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे: बागेच्या खुर्च्या, ग्रिल, सायकली, कुंड्या, झोपाळा, कचऱ्याचे डबे, गाडीच्या चाकांच्या कमानी. यूएसडीएची (केंद्रीय कृषी खात्याची) तपासणी यादी त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. ती भरून, सही करून, ट्रकचालकाकडे एक प्रत द्या आणि एक स्वतःच्या गाडीत ठेवा. मूव्हर्सना हे माहीत असेल असं धरून चालू नका, आमच्या मैत्रिणीच्या मूव्हर्सना नव्हतं.

सरपण बरोबर नेऊ नका. आणि तुळशीची कुंडी नेणार असाल तर उचलून तिचा तळ बघा, आमच्या कुंडीखाली दोन पुंज होते.

ओळख पटत नसेल तर फोटो काढून तुमच्या काउंटीतल्या रटगर्स एक्स्टेन्शनच्या (रटगर्स विद्यापीठाच्या शेती-बाग सल्ला केंद्राच्या) कार्यालयाला पाठवा. तिथल्या मास्टर गार्डनर आजी-आजोबांना असे फोटो बघायला मनापासून आवडतं. फोटोत शेजारी एक नाणं ठेवा, आकार कळतो.